ढगाच्या फोटोखाली वेळ आणि दिशा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या पानाचा फोटो मी जवळजवळ रोज काढते. बातम्यांसाठी नव्हे, वरच्या तारखेसाठी. माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा छोटा डिजिटल कॅमेरा आहे, मुलीने कॉलेजात असताना सहलीसाठी घेतलेला. तिच्या हातात मोबाइल आला आणि कॅमेरा माझ्या फडताळात आला. त्याच्या आतली घड्याळाची बारकी बॅटरी केव्हाच संपली आहे. त्यामुळे सेल बदलले की तो आपला परत 1 जानेवारी 2010 वर जाऊन बसतो. हे माझ्या लक्षात येईपर्यंत एका आख्ख्या उन्हाळ्याचे ढग जानेवारीत जमा झाले होते. तेव्हापासून शेडवर आले की आधी पेपर बाजेवर ठेवून त्याच्या तारखेचा एक फोटो, मग भिंतीवरच्या घड्याळाचा, आणि मग आभाळाचे. म्हणजे माझ्या प्रत्येक ढगाला तारीख मिळते ती तुमच्यामुळे. तुमच्या ढगांना मात्र तारीख नसते, आणि पत्र लिहायचे कारण तेच.

आमची कवठेमहांकाळ तालुक्यात बेदाण्याची शेड आहे. ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात बुडवून काढायची, जाळीच्या कप्प्यांवर पसरायची आणि बारा-पंधरा दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उघडा माळ, कोरडी हवा आणि दिवसभर वारा, म्हणून ह्या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे शेडच. फेब्रुवारी ते एप्रिल आमची मान वर ती वरच. पाऊस तर सोडाच, हवेने नुसता दमटपणा धरला तरी हिरवा बेदाणा लालसर पडतो, मग काळवंडतो. सौद्यात व्यापारी मूठभर हातात घेतो, तळहातावर हलवतो आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे जातो. ते न बोलणे ज्याने सोसले आहे त्याला ढग म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. आमचा माल रॅकवर नऊ दिवसांचा झाला होता. सकाळी अंक आला. पहिल्या पानावर चार कॉलमी फोटो, खाली शेत, वर शाईसारखा काळा ढग, त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला. फोटोखालच्या ओळीत अवकाळीचे सावट. ह्यांनी कपबशी खाली ठेवली आणि गड्याला हाक मारली. मी म्हटले, "जरा वर बघा की, आभाळात काही नाही." तर म्हणाले, "पेपरात आलंय, आणि तू वर बघत बसलीस व्हय!" चारी बाजूंचे पडदे सोडले, वरून ताडपत्र्या बांधल्या. दीड दिवस शेडमध्ये वाऱ्याची झुळूक नाही. वर पत्रा तापलेला, आत द्राक्षात उरलेले पाणी. पडदे उचलले तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतल्या मालाने रंग सोडला होता. पाऊस थेंबभर नाही. सौद्यात त्या मालाला किलोमागे 40 रुपये कमी मिळाले.

पडदे आम्हीच सोडले, त्याचे खापर तुमच्यावर फोडायचे नाही. बातमी खोटी होती असेही नाही. तिच्यात 'तुरळक ठिकाणी' असे स्पष्ट लिहिले होते. पण ह्यांचे डोळे तिथवर गेलेच नाहीत, फोटोने आधीच धरून ठेवले. रात्री मी चष्म्यावर भिंग धरून तो फोटो नीट पाहिला. खालच्या शेतात तूर होती, पिवळ्या फुलांनी भरलेली. मार्चमध्ये फुलातली तूर? आमच्याकडे तूर फुलते दसरा-दिवाळीच्या सुमाराला, मार्चपर्यंत तिच्या तुराट्या चुलीमागे रचलेल्या असतात. म्हणजे तो ढग परतीच्या पावसाचा, कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या गावचा देव जाणे. कडेला बारीक अक्षरात 'संग्रहित' एवढा एक शब्द असता तरी मी तो ह्यांच्या नाकासमोर धरला असता.

त्याच दिवशीचे माझे तीन फोटो आहेत. तिन्हीत निळ्या आभाळावर पिंजलेल्या कापसाचे धागे, बाकी काही नाही. ह्याला सिरस म्हणतात. हे ढग बर्फाच्या कणांचे आणि फार उंचावरचे, आपल्याकडे तर सहा किलोमीटरच्याही बरेच वर. त्यातून थेंब सुटला तरी खाली पोचेपर्यंत वाळून जातो. हे नाव ठेवणारा ल्यूक हॉवर्ड लंडनमधला औषधे बनवणारा माणूस होता. त्याने 1802 साली एका व्याख्यानात ढगांची वर्गवारी मांडली, तीच थोडीफार वाढवून अजून जगभर चालते. आपला धंदा सांभाळून वर बघणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे.

आता कॅमेऱ्याविषयी, कारण तुमच्याही छायाचित्रकारांशी मला ह्या बाबतीत थोडे बोलायचे आहे. छोट्या कॅमेऱ्यात आभाळ काढणे दिसते तितके सोपे नाही. खाली शेडचा पत्रा किंवा काळी जमीन अर्ध्या चौकटीत आली की कॅमेरा जमिनीला सांभाळतो आणि ढग पांढराफटक करून टाकतो, चुन्याच्या भिंतीसारखा. म्हणून आधी कॅमेरा ढगावर रोखायचा, बटण अर्धे दाबून तसेच धरायचे, मग हात खाली आणून चौकट लावायची आणि उरलेले अर्धे दाबायचे. हे अर्धे बटण माझ्या बोटाला बसायला महिना गेला. नुसत्या निळ्या आभाळावर रोखला तर कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही, भिंग आतबाहेर होत राहते. तेव्हा ढगाची कड पकडायची. संध्याकाळी रंगाची सोय 'ऑटो'वरून काढून उन्हावर ठेवायची, नाहीतर तो तांबड्या आभाळाची हळद धुऊन काढतो. डिजिटल झूम कायमचा बंद, त्याने ढग जवळ येत नाही, फुटतो. भडक रंगाची एक सोय असते, ती मी एकदा वापरली आणि स्वतःच घाबरले. साधा ढग असा काही दिसला की आता गारा पडतात की काय! पुतण्याच्या नव्या मोबाइलमध्ये तर हे न विचारताच होते. काळे आणखी काळे, पांढरे आणखी पांढरे. दिसायला छान, पण पडदे सोडायचे की नाही हे त्यावरून ठरवू नये.

मी नेहमी एकाच जागेवर उभी राहते, शेडच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपाला पाठ टेकून. मावळतीला हवा स्वच्छ असली तर दंडोबाचा डोंगर पुसट दिसतो, उगवतीला ढालगावच्या बाजूच्या पवनचक्क्या. ह्या पवनचक्क्यांचा मला फार उपयोग होतो. त्यांची तोंडे वाऱ्याकडे वळलेली असतात, त्यामुळे खालचा वारा कुठून आहे ते फोटोतच उमटते. पाच मिनिटांनी दुसरा फोटो काढला की ढग कुठे सरकला तेही कळते. पुष्कळदा खालचा वारा एकीकडे आणि ढग भलतीकडे. वेधशाळेत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला नोंद घेतात हे वाचल्यापासून मीही त्याच वेळा धरल्या आहेत. आभाळाचे मनाने आठ भाग करायचे आणि किती भाग झाकले तो आकडा वहीत टाकायचा, हेही तिथलेच. सुरुवातीला माझा आकडा रोज जास्त यायचा. भीतीने बघितले की ढग मोठा दिसतो.

मागच्या फेब्रुवारीत दुपारी सूर्याला खळे पडले. बायका काम टाकून बाहेर आल्या. हात लांब करून पंजा ताणला तर सूर्यापासून त्या कड्यापर्यंत जवळजवळ एक वीत भरते. हिशेबात ते अंतर 22 अंश. बर्फाच्या सहा बाजूंच्या कणांतून ऊन वळते म्हणून ते दर वेळी तेवढेच, कमी नाही जास्त नाही. आमची आजी म्हणायची, खळे लांब तर पाऊस जवळ. आजीपुढे तेव्हा बोलायची सोय नव्हती, पण सूर्याभोवतीचे हे कडे लांब-जवळ होतच नाही. सूर्य पाण्याच्या टाकीआड दडवून मी फोटो काढला, स्क्रीनकडे बघत, कारण सूर्याकडे नुसत्या डोळ्याने बघायचे नाही आणि कॅमेराही त्याच्यावर उघडा रोखून धरायचा नाही. तरी कडे चौकटीत मावेना. आडवा धरला तर दोन्ही बाजू आल्या, वरचा आणि खालचा तुकडा कापला गेला. एका बाईने विचारले, "वैनी, पडदे सोडायचे का?" मी म्हटले, थांबा. सोडले नाहीत. पुढे दोन दिवस कडक ऊन होते. ह्यात शहाणपण किती आणि नशीब किती ते मी सांगत नाही.

जागतिक हवामान संघटनेचा ढगांचा एक मोठा चित्रसंग्रह आहे. पहिला 1896 साली निघाला, 2017 पासून तो इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. त्यात सामान्य लोकांनी काढलेलेही फोटो आहेत. मुलीने मला तो उघडून दिला तेव्हा मी ढगांपेक्षा फोटोखालची माहितीच जास्त वाचली. गाव कोणते, तारीख काय, वाजले किती, आणि कॅमेऱ्याचे तोंड कुठल्या दिशेला होते. जगातले जाणते लोक एवढे लिहितात आणि माझी कवठेमहांकाळची वहीही तेवढेच मागते, म्हणून मला जरा बरे वाटले.

आणखी एक आठवण. 2 एप्रिल 2022, पाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. रॉकेटचे तुकडे होते ते. त्या रात्री माझ्या मोबाइलवर डझनभर चित्रफिती आल्या. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान, कुणी युद्धच सुरू केले. कुठल्या गावातून, किती वाजता, कुणीकडून कुणीकडे, हे त्यातल्या एकीतही नव्हते.

तर माझी मागणी लहान आहे. आभाळाचा फोटो छापाल तेव्हा खाली गाव, वार, वेळ आणि दिशा छापा. 'तासगाव, बुधवार, सायंकाळी 5.10, ईशान्येकडे' एवढ्याला अर्धी ओळ पुरते. फोटो जुना असेल तर 'संग्रहित' लिहा, आणि अवकाळीच्या बातमीला तर जुना फोटो लावूच नका. त्यापेक्षा जागा मोकळी सोडा, आम्ही त्यावर बेदाणे निवडू. तुमच्या छायाचित्रकाराला वाटेल की ह्यात फोटोची मजा जाते. दिशा कळली म्हणून ढगाचे रूप काही कमी होत नाही. उलट जतचा माणूस तो फोटो बघून म्हणेल, अरे, हाच मी मागून पाहिला होता.

सोबत माझा एक फोटो पाठवत आहे. गेल्या मे महिन्यातला वळीव, उगवतीकडे तोंड करून, 5 वाजून 35 मिनिटांनी काढलेला. ऐरणीचे टोक आमच्या बाजूला लांबलेले आहे, म्हणजे वरचा वारा तिकडून आमच्याकडे होता. ढगाखाली करडी झालर आहे, ती पावसाची. उजव्या कोपऱ्यात शेडचा पत्रा आला आहे, तो मुद्दाम ठेवला. पहिला थेंब पडला 6 वाजून 50 मिनिटांनी. तोवर शेवटचा माल पोत्यात भरून झाला होता, त्यामुळे त्या दिवशी आम्ही खुर्च्या टाकून पाऊस बघितला.

छापायचा असेल तर खालची ओळ कापू नका. आणि छपाईत रंग वाढवू नका, ढग तेवढाच काळा होता.

आपली,
एक वाचक,
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली