जुने लष्करी बॅज, टोप्या आणि सैनिकांच्या सेवा-कागदपत्रांच्या संग्रहाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

जुने बॅज पॉलिशने घासू नयेत, ही कळकळीची विनंती. घासल्याने धातूवर वर्षानुवर्षे चढलेली जुनेपणाची छटा जाते आणि उठावाची नक्षीही झिजते. ती परत आणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी ब्रिटिश सैन्याने प्लास्टिकचे बॅजही काढले होते. ते उष्णतेपासून जपावेत.

खरेदी करताना बॅजवरच्या मुकुटाकडे नीट पाहावे. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला (१९५२ नंतरचा) मुकुट असलेला बॅज पहिल्या महायुद्धातला असूच शकत नाही, विकणारा कितीही खात्री देवो.

लोकरी टोप्यांना कसर लागते, शिवणी अधूनमधून तपासाव्यात. कागदपत्रांना लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको आणि पीव्हीसीची पाकिटे तर नकोतच.

सर्वांत महत्त्वाचे: एकाच सैनिकाची टोपी, बॅज आणि पेबुक (सैनिकाची पगार-नोंदवही) एकत्र मिळाले, तर ते सुटे करून विकू नका. पेबुकातल्या नाव-क्रमांकामुळेच ती टोपी कोणाची हे कळते. एकदा ताटातूट झाली की तो माणूस पुन्हा सापडणे जवळजवळ अशक्य. तरीही विकायचेच असेल, तर आधी गटात कळवा. संच अखंड घेणारा सभासद शोधू.

कागदपत्रांचे फोटो टाकताना कुटुंबीयांचे पत्ते झाकावेत.