शाईचे पेन घेताना आधी टोपण बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्या सुमारास नागपुरात बर्डीपासून महालापर्यंतच्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांच्या गठ्ठ्यांबरोबर शाईच्या पेनांचीही विचारपूस होते. कुणाला मुलाचे अक्षर वळणावर आणायचे असते, कुणाला रोजची डायरी लिहायची असते, तर कुणाला बॉलपेनच्या रिकाम्या कांड्या फेकून फेकून कंटाळा आलेला असतो. पेन घेतले जाते आणि पंधरा दिवसांत टेबलाच्या खणात जाऊन पडते. गळते, अडते, कागद खराब करते, या तीन तक्रारी. तिन्हींचे मूळ बहुतेकदा खरेदीत असते, आणि बहुतेक गिऱ्हाइके पेनाचा रंग बघतात, क्लिप बघतात, नाव बघतात. टोपणाच्या आत कुणी डोकावत नाही.

नागपुरात तर टोपणच आधी बघायला हवे. शाई म्हणजे रंग घातलेले पाणीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत असताना टोपण हवाबंद नसेल, तर निबेच्या चिरेतले पाणी एका रात्रीत उडून जाते. मागे राहतो तो रंगाचा खडा. सकाळी पेन अडते, लिहिणारा जोरात दाबतो आणि निब वाकते. चांगल्या पेनाच्या टोपणात डोकावले तर आत आणखी एक लहान टोपण दिसते. ते पेनाच्या पकडीवर घट्ट बसून निबेला कोंडून ठेवते. ते नसेल तर टोपणाच्या तोंडाशी ओठ लावून फुंकर मारा. वरच्या भोकातून किंवा क्लिपच्या फटीतून वारा सरळ निघून गेला, तर ते पेन आपल्या उन्हाळ्यासाठी नाही. (लहान मुलांनी टोपण गिळल्यास श्वास कोंडू नये म्हणून काही टोपणांना मुद्दाम भोक ठेवतात. ते योग्यच आहे, पण मग आतले टोपण हवेच.) घरी आणल्यावर शाई भरून, टोपण लावून, पेन दोन दिवस आडवे ठेवा. तिसऱ्या दिवशी पहिल्या रेघेलाच उमटले तर खरेदी बरी झाली म्हणायची.

आता निब. दोन-तीनशे रुपयांच्या आतल्या पेनात स्टीलची निब येते आणि रोजच्या लिखाणाला ती पुरते. सोनेरी मुलाम्याने अक्षर सुधारत नाही. कागदावर घासतो तो निबेच्या टोकाला जोडलेला कठीण धातूचा बारीक दाणा. त्याला सगळे अजून 'इरिडियम' म्हणतात, पण बहुतेक दाण्यांत इरिडियम आता नावापुरतेही नसते. देवनागरीसाठी फाइन निब घ्यावी. तिची रेघ साधारण अर्ध्या मिलिमीटरची येते. मीडियम निबेची रेघ थोडी जाड, आणि शाळेच्या वहीतल्या ओळींत त्या जाडीने ळ आणि क्ष यांची पोटे भरून जातात, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला जाऊन चिकटतो. जपानी पेनांवरची फाइन निब इतरांच्या फाइनपेक्षाही बारीक असते, हे लक्षात ठेवून घ्यावे. फार बारीक निब खरखरीत, तंतुमय कागदावर अडकते.

निब तपासायला इंग्रजी सही करून बघण्यात अर्थ नाही. सहीचा हात सराईत असतो, तो निबेचा दोष झाकतो. शिरोरेषा ओढून बघावी, सावकाश, हाताचे वजन न टाकता, वहीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची टोके एका पातळीत नसतील, तर आडव्या रेघेत खाली राहिलेले टोक कागदात रुतते आणि हाताला खर्र जाणवते. उभ्या रेघेत हाच दोष लपून जातो. मग डावीकडे-उजवीकडे आठ-दहा इंग्रजी आठ काढावेत आणि शेवटी 'ज्ञ', 'ळ', 'ष्ट' लिहावेत. रेघ मधूनच फाटून रुळांसारख्या दोन समांतर रेघा उमटल्या, तर निबेपर्यंत शाई कमी येते आहे. प्रत्येक शब्दाचे पहिलेच अक्षर उमटत नसेल आणि पुढचे सगळे झकास येत असेल, तर दाणा घासून घासून इतका गुळगुळीत केलेला आहे की चिरेतली शाई कागदाला टेकतच नाही. हा दोष घरी दुरुस्त होत नाही, ते पेन परत ठेवावे. टोके वरखाली असण्याचा दोष मात्र घरीही निघतो. मोबाइलच्या उजेडात भिंगातून बघावे आणि वर आलेले टोक नखाने हलकेच, तीन-चार वेळा खाली दाबावे. चिरेत ब्लेड कधीही घालू नये. चीर एकदा रुंदावली की शाई चढायची थांबते आणि निब कामातून जाते.

शाई भरण्याच्या पद्धतीवर दुकानदार फारसे बोलत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर. ड्रॉपरने सरळ नळीत शाई भरायची पेने आपल्याकडची जुनी. त्यांत दोन ते चार मिलिलिटर शाई मावते, रोज लिहिणाऱ्यालाही बरेच दिवस पुरते. पण नळी अर्धी रिकामी झाली की आत हवा साठते आणि ही हवा तापली की फुगते. गणित सोपे आहे. ३० अंशांच्या खोलीतून ४५ अंशांच्या उन्हात गेल्यावर हवा सुमारे ५ टक्क्यांनी फुगते. नळीत २ मिलिलिटर हवा असेल तर ०.१ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते, म्हणजे ढोबळ दोन थेंब. निबेखालच्या काळ्या जिभेला जे बारीक दाते असतात, ते अशी जादा शाई धरून ठेवण्यासाठीच. पण स्वस्त पेनाची जीभ आखूड असते, तिचे दाते उथळ असतात. तिथे हे दोन थेंब खिशावर येतात. म्हणून उन्हाळ्यात ड्रॉपरचे पेन एक तृतीयांशाखाली गेले की लगेच भरावे, खिशात निब वर ठेवून लावावे, आणि गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नये. नळीच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवावा. व्हॅसलीन लावण्याची जुनी सवय सोडावी, उन्हात ते पातळ होऊन शाईत उतरते.

एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, हाताने कातलेली पेने याच जातीची. १९३५ साली आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी केलेले स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचले आणि ते वापरून त्याची पावती गांधीजींनी दिली ती आपल्या शेजारच्या वर्ध्याहून. पेन उत्तम, पण एबोनाइट उन्हात ठेवले की त्याचा काळा रंग विटून तपकिरी पडतो, आणि चांगले हातकामाचे पेन हल्ली स्वस्तही राहिलेले नाही.

शाळेच्या मुलाला आणि पहिल्यांदाच शाईकडे वळणाऱ्याला कन्व्हर्टरचे पेन द्यावे. कन्व्हर्टर म्हणजे मागचा दट्ट्या फिरवून शाई ओढणारी, काढता-घालता येणारी छोटी नळी. शाई मावते अर्धा ते एक मिलिलिटर, त्यामुळे आत हवाही थोडीच आणि गळतीचा धोका कमी. घेताना एवढेच विचारावे की कन्व्हर्टर पेनासोबत आहे की वेगळा घ्यायचा, आणि त्याच्या तोंडाचे माप काय. पायलट, पार्कर, लामी यांची मापे आपापली आहेत. चिनी पेनांत २.६ मिलिमीटर आणि ३.४ मिलिमीटर अशी दोन तोंडे चालतात. पेनातल्या २.६ च्या नळावर, म्हणजे कन्व्हर्टर जिथे बसतो त्या टोकावर, ३.४ चा कन्व्हर्टर सैल बसतो आणि पकडीतून शाई झिरपू लागते. लोक पेनाला नावे ठेवतात, दोष जोडाचा असतो. तयार कार्ट्रिज सोयीची खरी, पण रोजच्या लिखाणाला महाग पडतात. ६० मिलिलिटरच्या एका दौतीत पाऊण मिलिलिटरचा कन्व्हर्टर ८० वेळा भरतो.

भरताना निब पकडीपर्यंत पूर्ण बुडवावी, दट्ट्या एकदा भरून रिकामा करावा आणि पुन्हा भरावा, मग दोन-तीन थेंब दौतीत परत सोडून निब जुन्या सुती कापडाने टिपावी. लिहिता लिहिता शाई संपल्यासारखी वाटली आणि कन्व्हर्टरमध्ये ती दिसत असेल, तर शाई मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते. बोटाने टिचकी मारली की खाली उतरते.

शाई साधी, फाउंटन पेनाची म्हणूनच विकली जाणारी घ्यावी. चित्रकलेच्या सामानात मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक तशाच बाटलीत येते, पण तिच्यात लाख असते. ती जिभेत एकदा सुकली की पेन संपलेच. रॉयल ब्लू पाण्याने धुतली जाते, शर्टावर पडली तर आईचा राग लवकर निवतो, म्हणून शाळेला तीच चांगली. पण उजेडात ती विटते आणि थेंबभर पाण्याने अक्षर पुसले जाते. तेव्हा चेक, अर्ज, करारनामा यांवर पर्मनंट काळी वापरावी. ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोल भरायला सूचनेत सांगितलेले बॉलपेनच लागते, तिथे शाईच्या पेनाचा हट्ट नको. दोन कंपन्यांच्या शाया एकमेकींत मिसळू नयेत, काहींचा साका बसतो. पावसाळ्यात दौतीत तवंग दिसला किंवा कुबट वास आला, तर ती शाई मोरीत ओतावी, गाळून वापरू नये.

कागदाचे नागपुरी दुखणे वेगळेच. कूलरसमोर वही उघडी ठेवली की ओलसर वाऱ्याने कागद तासाभरात मऊ पडतो, आणि त्यावर शाई मुळ्यांसारखी फुटते. पावसाळ्यातही तेच. पेन तेच, शाई तीच, बिघडलेला असतो तो कागद. वही घेताना ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) किंवा त्याहून जाड कागद विचारावा आणि शेवटच्या पानावर आपल्याच पेनाने तीन रेघा ओढून पान उलटून बघावे. मागे ठिपके उमटले तर ती वही बॉलपेनसाठी ठेवावी.

नवे पेन आणल्या आणल्या अडले तर घाबरू नये. कारखान्यातला तेलकटपणा जिभेवर राहिलेला असतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून कन्व्हर्टरने आठ-दहा वेळा पाणी आत-बाहेर करावे, मग साध्या पाण्याने तितक्याच वेळा. गरम पाणी नको, प्लास्टिकची जीभ वाकते. बोअरच्या जड पाण्यापेक्षा आरओचे बरे. पुढे महिन्यातून एकदा असेच धुतले की पुरे. दाबाचे टोपण असेल तर ते झटक्यात ओढू नये. ओढताना टोपणात पोकळी होऊन निबेतून शाई खेचली जाते आणि पहिल्याच शब्दावर डाग पडतो. बॉलपेनवर हात बसलेल्या मुलाला दोन गोष्टी रोज सांगाव्या लागतात: पेन कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांवर तिरपे धरायचे आणि दाबायचे नाही. दाबल्याने निब जिभेवरून उचलली जाते, दोहोंत फट पडते आणि शाईची वाट तुटते. डावखुऱ्या मुलाचा हात ताज्या अक्षरावरून सरकतो, त्याला बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई द्यावी, वही थोडी तिरपी ठेवू द्यावी.

शहरातल्या स्टेशनरी दुकानदारांना एक विनंती. काउंटरवर एक उघडी दौत, एक पेला पाणी, एक फडके आणि विक्रीच्याच एका साध्या वहीचे पान ठेवावे. निब नुसती बुडवून पाच ओळी लिहून बघू द्याव्यात आणि धुऊन पुसून पेन परत डबीत ठेवावे. पेनाला याने काही होत नाही. पेन विकताना त्याला बसणारा कन्व्हर्टर दुकानात शिल्लक आहे ना, तेवढे मात्र आधी बघून घ्यावे.

आपला,
पेनदुरुस्ती करणारा एक वाचक, महाल, नागपूर