पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम सरला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर परदेशातून आणलेले हेअर ड्रायर, मिक्सर येऊ लागतात. जळका वास आणि सोबत ठरलेलं वाक्य : "पण अ‍ॅडॅप्टर लावला होता की!"

अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. आत येणारी वीज आहे तशीच येते. 120 व्होल्टचं उपकरण आपल्याकडच्या 230 वर लावलं तर वीज दुप्पट खर्च होईल, असा बहुतेकांचा अंदाज. पण तापणाऱ्या वस्तूंत ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1200 वॅटचा ड्रायर 230 वर 4400 वॅटच्या आसपास खेचू पाहतो. कॉइल लालभडक होऊन तुटते. त्याआधी प्लास्टिक पेटलं नाही तर नशीब म्हणायचं.

उपकरणाच्या मागची बारीक अक्षरं कुणी वाचतच नाही. 'इनपुट 100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) असं असेल तर काळजी नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा तेच असतं. एकच, वेगळा आकडा असेल तर व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर हवा, तोही उपकरणाच्या वॅटपेक्षा चांगला वरच्या क्षमतेचा. प्रवासात मिळणारे हलके कन्व्हर्टर बहुधा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात; इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यांच्यावर लावू नयेत.

हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरनेही बदलत नाहीत. जपानात सगळीकडे 100 व्होल्ट, तरी टोकियोत 50 हर्ट्झ आणि ओसाकात 60. एकोणिसाव्या शतकात एकीकडे जर्मन जनित्रं आली, दुसरीकडे अमेरिकन. 60 हर्ट्झच्या विजेवर चालणारं सिंक्रोनस मोटरचं (जिचा वेग हर्ट्झवर ठरतो) घड्याळ 50 वर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. घड्याळाचं एक वेळ चालेल, पण 60 हर्ट्झचा फ्रिजचा कॉम्प्रेसर 50 वर तापतो.

व्होल्टेज कमी पडलं तरी सगळंच निभावत नाही. 230 ची किटली 120 वर रेंगाळत का होईना, पाणी तापवते. फ्रिजची मोटर मात्र सुरू होता होता अडकते, करंट ओढत राहते आणि वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं.

अ‍ॅडॅप्टर बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे : 'यामुळे व्होल्टेज बदलत नाही' हे वेष्टनावर ठळक छापा. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांवर आणणाऱ्या अ‍ॅडॅप्टरवर 'अर्थिंग मिळणार नाही' हेही. धातूच्या बॉडीची इस्त्री त्यावर लावणारे रोज भेटतात.

आपला,
एक उपकरण दुरुस्ती कारागीर