सूचना : रांजण आणि वजनकाटा

सर्व सभासद व्यापारी बंधूंनो,

कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी आपण रांजण ठेवले, पण ते भरायचे कोणी हे ठरवलंच नाही. काल एकात सरकी तरंगत होती. सोमवारपासून दुकानांच्या क्रमाने पाळी. नोकराला पाठवलं तरी चालेल, पाणी मात्र सकाळी आठच्या आत.

कंपनी कायदा २०१३ मधली नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायची अट वर्षाला ५ कोटी नफा कमावणाऱ्यांसारख्या मोठ्या कंपन्यांना. आपल्याला नाही, हे बैठकीत तीनदा ऐकलं. बरं. पण वेचणीच्या बाया तेल-मीठ उधार नेतात ते आपल्याच दुकानातून ना?

काट्यांची पडताळणी दिवाळीआधी करून घ्या. ‘पाच-पन्नास ग्रॅमनं काय होते’ हे उत्तर चालणार नाही.

— सचिव