संजीवनी माचीवर सिमेंट नको

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड आहे, याचा आम्हा गडवेड्यांना आनंद झालाच. पण थोडी धास्तीही वाटली. गडाचं नाव झालं की निधी येतो आणि निधीमागोमाग सिमेंटची पोती गड चढतात. राजगड तुमच्याच पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे, म्हणून हे पत्र.

राजगडाच्या संजीवनी माचीचा, म्हणजे गडाच्या सोंडेवरल्या तटबंद सपाटीचा, दुहेरी तट तुम्ही पाहिला असेल. बाहेर एक भिंत, आत दुसरी आणि मधे जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट. तिथे उतरायचं तर वाकून, कधी चक्क बसून, अंधाऱ्या अरुंद जिन्याने. खांदे दोन्हीकडच्या दगडांना घासतात. तोफांनी बाहेरचा बुरूज पाडला तरी शत्रूपुढे आतला उभाच! महाराजांची ही पहिली राजधानी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले, तेव्हाही राजगड राखला, आणि पुढच्या वर्षी आग्र्याहून निसटून महाराज आले ते इथेच.

आज त्या तटाच्या सांध्यांत झाडं रुजतात, चिरे सुटून उतारावर पडतात. दुरुस्ती हवीच. प्रश्न आहे तो कशाने करायची याचा. चुन्याच्या दरजेतून, म्हणजे दगडांमधल्या भरलेल्या सांध्यातून, भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग पाणी आतला भराव ढिला करतं, भिंत पोट काढते आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळते. दुसऱ्या एका गडावर (नाव घेत नाही) मी असा नवा गुळगुळीत तट पाहिला. वरचं सिमेंट नखाएवढंही निघेना, शेजारचा जुना दगड मात्र पापुद्र्यांनी सुटत होता.

तेव्हा विनंती एवढीच: निविदेत चुना स्पष्ट लिहा, तो मळणारे जाणते गवंडी मागा. पडलेल्या चिऱ्यांना जागेवरच क्रमांक द्या, फोटो काढा, मगच हलवा. जिथे मूळ रचना कळत नाही तिथे नवं काही रचू नका. पडका बुरूज पडका दिसला तरी चालेल, आम्ही तो बघायलाच येतो.

आणि कामाचा आदेश दसऱ्याच्या सुमारास निघू दे. चुना सावकाश धरतो. मार्चमध्ये पैसे आले म्हणून मेमध्ये घाईने भरलेली दरज जूनच्या पहिल्या झडीत दरीत जाते.

आपला,
एक गडकरी