आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या ऑपरेशन थिएटरला एक लिनियर प्रोब द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी रात्री आमच्याकडे आला. तीन दिवस पोट दुखत होतं, पण रोवणी आटोपल्याशिवाय त्याने घर सोडलं नव्हतं. आतड्याला छिद्र, पोटात पू, वरचा रक्तदाब ७० च्या आसपास. नागपूरला पाठवलं असतं तर वाटेतच गेला असता.

अशा रुग्णाला भूल देताना दंडावरच्या पट्ट्याने दर तीन-पाच मिनिटांनी मोजलेला रक्तदाब पुरत नाही. मनगटातल्या धमनीत कॅन्युला म्हणजे बारीक नळी घालून ठेवली, की प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसतो. यालाच आम्ही आर्टेरियल लाइन म्हणतो. पण ही धमनी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर रुंद, आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब असा कोसळलेला असताना, तिची नाडी बोटाला लागतच नाही. मी अंदाजाने टोचत राहिलो. एकदा सुई चुकली की रक्त साकळतं, धमनी आकसते आणि पुढचा प्रयत्न आणखी अवघड होतो. लाइन पाचव्यांदा लागली, तीही दुसऱ्या हाताला.

माणूस वाचला. सकाळी त्याच्या बायकोने दोन्ही मनगटांवरचे काळेनिळे डाग बघून विचारलं, "साहेब, हाताले काय झालं जी? दुखनं तं पोटात होतं."

साहेब, सोनोग्राफीत बघून सुई घातली तर पहिल्याच प्रयत्नात लाइन लागण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण नुसतं मशीन देऊन भागणार नाही. प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा मशीनचा भाग, धमनीला आडवा धरला तर धमनी काळ्या गोल ठिपक्यासारखी दिसते आणि आजूबाजूचंही कळतं. मात्र सुईचा पांढरा ठिपका म्हणजे टोकच असेल असं नाही. तो मधला भागही असतो, आणि टोक तोवर धमनीच्या पलीकडे गेलेलं असतं. धमनीच्या लांबीच्या दिशेने उभा धरला तर अख्खी सुई दिसते, पण हात केसभर हलला की धमनी पडद्यावरून जाते. म्हाताऱ्यांच्या वाकड्यातिकड्या धमनीत तर ती धरून ठेवणं फारच कठीण. मला पटलेली रीत तिसरी : प्रोब आडवाच ठेवायचा, सुईचा ठिपका नाहीसा होईपर्यंत तो किंचित पुढे सरकवायचा, मग ठिपका परत दिसेपर्यंत सुई पुढे न्यायची. असं टोकाला धरून धमनीच्या आत थोडं पुढपर्यंत जायचं. कोंबडीच्या मांसात रबरी नळी घालून याचा सराव करता येतो. हात बसायला तेवढं पुरतं, पण शिकवणारं कुणी तरी हवं.

आमच्याकडे सोनोग्राफी मशीन आहे, पण रात्री त्या खोलीला कुलूप असतं, कारण गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे त्या मशीनवर कडक नजर असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्या कायद्यात तसूभरही ढिलाई नको, मुली वाचल्याच पाहिजेत. पण रक्तवाहिनी बघायचा लिनियर प्रोब कातडीखाली काही सेंटिमीटरपर्यंतच नीट दाखवतो, तो गर्भ बघण्यासाठी बनलेला नाही. तेवढाच एक प्रोब असलेलं मशीन थिएटरसाठी द्या. रीतसर नोंदणी करा, प्रत्येक वापर रजिस्टरमध्ये लिहायला लावा. आम्ही लिहू. त्यासोबत प्रेशर ट्रान्सड्यूसरचा, म्हणजे धमनीतला दाब पडद्यावर पोचवणाऱ्या उपकरणाचा, पुरवठाही नियमित हवा, नाहीतर लाइन लावूनही पडद्यावर काही दिसायचं नाही.

प्रशिक्षण नागपूर, चंद्रपूर, गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकतं. ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, म्हणून आमच्या अर्जाने हे जमणार नाही. आपणच त्या खात्याच्या मंत्र्यांशी बोलावं. पुढच्या रोवणीच्या आत बोलावं, ही विनंती. शिकायला आम्ही सुट्टीच्या दिवशीही येऊ.

आपला,
पूर्व विदर्भातला एक सरकारी भूलतज्ज्ञ