पाचवी जागा

सातारा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, "आई, मी बुद्धिबळाच्या संघात नुसती संख्या भरायला आहे. सरांना सांगून नाव काढून घेतो." असलं बोलणं फोनवर धड होत नाही, म्हणून हे लिहायला बसले. "यात कविता आहेत, तुला आवडेल" असं म्हणून तूच मला 'चिहायाफुरू' ही जपानी ॲनिमे मालिका बघायला लावलीस. त्याचे पहिले दोन सीझन बघून झाले, आणि तुझं हे वाक्य मी त्यात जवळजवळ जसंच्या तसं ऐकलंय. म्हणून त्याच्याच आधाराने बोलते.

त्यातला खेळ म्हणजे कारुता, कवितांच्या पत्त्यांचा. सुरुवातीला मला वाटलं होतं की आपल्या भेंड्यांसारखं काहीतरी असेल. पण भेंड्यांत सुचायला वेळ असतो, इथे श्वास घ्यायलाही नसतो. आठशे वर्षांपूर्वीच्या संग्रहातल्या शंभर कवींच्या शंभर कविता. त्यातल्या पन्नासच पत्त्या चटईवर मांडायच्या, दोघांच्या पुढ्यात पंचवीस-पंचवीस. मांडणी पाठ करायला पंधरा मिनिटं. वाचणारा कवितेचा पहिला भाग म्हणू लागतो आणि खेळाडूने उरलेल्या भागाची पत्ती हाताने उडवायची. सात कविता तर अशा आहेत की पहिलं अक्षर ऐकताच ओळखता येतात. बाकीच्यांना दोन, तीन, काहींना सहा अक्षरांपर्यंत थांबावं लागतं. शिवाय डाव पुढे सरकतो तसा हा हिशेब बदलतो. 'ची'ने सुरू होणाऱ्या कविता तीनच. त्यातल्या दोन वाचून झाल्या की 'ची' एवढं ऐकूनच 'चिहायाफुरू' या कवितेच्या पत्तीवर हात टाकायचा. म्हणजे काय काय वाचून झालं, हेही सतत डोक्यात ठेवायचं. आणि ज्या पन्नास पत्त्या चटईवर नाहीत त्यांच्या कविताही वाचल्या जातातच! तेव्हा हात आवरायचा, नाहीतर चुकीचा दंड बसतो.

तुला नायिका चिहाया आवडते, तुझ्या मित्रांना तिला या खेळाची गोडी लावणारा आराता. मला कानादे फार आवडली. किमोनोच्या दुकानातली ती मुलगी आल्यावर पहिल्यांदा कोणीतरी चिहायाला सांगतं की या नुसत्या आवाजाच्या खुणा नाहीत, कविता आहेत. मग ती तात्सुता नदीची कविता उलगडून दाखवते. देवांच्या काळातही कोणी ऐकलं नसेल असं, पानगळीच्या लालीत रंगून निघालेलं पाणी, आणि त्यामागे दडलेलं प्रेम. तो भाग मी दोनदा पाहिला. मालिका २०११ सालची, पण एवढी निगुतीने कविता शिकवताना मी पडद्यावर क्वचितच कुणाला पाहिलंय.

आता चिहायाच्या शाळेच्या संघातला डेस्क-कुन. तू त्याच्याबद्दल मला काहीच सांगितलं नव्हतंस, याचं नवल वाटलं. कोमानो त्याचं नाव. शाळेत अभ्यासात दुसरा, पहिला तो ताईची, चिहायाचा लहानपणापासूनचा मित्र. सुट्टीतही बाकावरून न उठणारा हा मुलगा, म्हणून डेस्क-कुन. चिहाया त्याला बाकासकट उचलून क्लबच्या खोलीत आणते. ताईची त्याच्यापुढे पत्ते पालथे ठेवून डाव खेळून दाखवतो, तेव्हा कुठे त्याला वाटतं की यात स्मरणशक्तीचं काम आहे, म्हणजे आपलंही काही काम आहे.

आणि मग टोकियोची शालेय स्पर्धा येते. पाच जणांचा संघ, पाचही डाव एकाच वेळी, ज्यांचे तीन जिंकले तो संघ पुढे. कोण कोणासमोर बसणार याची यादी दोन्ही संघ आधीच देतात आणि समोरच्यांनी काय दिलंय ते माहीत नसतं. डेस्क-कुन हरतो. पुन्हा हरतो. त्याला वाटू लागतं की आपल्याला मुद्दाम समोरच्या तगड्या खेळाडूपुढे टाकतात, म्हणजे आपल्या चांगल्या खेळाडूंना सोपे गडी मिळतील. आपण इथे फक्त पाच आकडा पूर्ण करायला आहोत. आणि एका सामन्याला तो बसतच नाही. बाकीचे चौघे बसतात.

ओंकार, तो भाग बघताना मी त्याची बाजू घेतली होती, खरं सांगते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच. संघाला पाचवा हवा होता म्हणूनच त्याला आणलं होतं. तुझंही म्हणणं खोटं नाही. तुमच्या संघात तुझं रेटिंग सगळ्यात कमी आहे, तू चौथ्या बोर्डावर बसतोस आणि गेल्या स्पर्धेत तुझे सगळे डाव गेले. "नाही रे, तू छान खेळतोस" असं म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही.

पण त्या सामन्यात चटईवर काय होतं ते बघ. एक डाव न खेळताच गेलेला. आता चौघांपैकी तिघांनी जिंकायलाच हवं. आधी पाचातले दोन हरले तरी चालत होतं, आता फक्त एक. म्हणजे कानादे, जी नुकतीच शिकलेली आहे, तिच्याही डावाचं ओझं वाढलं. एरवी हरणारा डेस्क-कुन हरून काय देत होता, हे तो उठून गेल्यावर दिसतं. तो बसलेला असताना समोरच्या संघाचा एक खेळाडू त्याच्यात गुंतलेला असायचा आणि त्यालाही घाम गाळूनच पंचवीस पत्त्या संपवाव्या लागायच्या. ते रिकाम्या जागेला जमत नाही.

पुढच्या सामन्याला तो परत येऊन बसतो. अंतिम सामन्यात होकुओ शाळेच्या कसलेल्या संघाला चिहायाची शाळा मिझुसावा हरवते आणि बिवा सरोवराकाठच्या ओमी देवळातल्या राष्ट्रीय स्पर्धेला जाते. तिथे काय होतं? चिहायाच उकाड्याने ताप भरून कोसळते. संघातली सगळ्यात तगडी खेळाडू! त्या वर्षी ते जिंकत नाहीत. मला मालिकेतली ही गोष्ट सगळ्यात खरी वाटली. भरवशाची माणसंही आडवी होतात.

दुसऱ्या वर्षी नवी मुलं आलेली असतात. डेस्क-कुन तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचे डाव बघून टिपणं काढताना दिसतो, कोण कुठली पत्ती कुठे ठेवतो, कोणाचा हात कुठे जातो. फुजिसाकी शाळेविरुद्धचा अंतिम सामना मी रात्री जागून पाहिला. चिहायाचं बोट दुखावलेलं, आणि शेवटी ताईची आणि संघातलाच निशिदा दोघांच्याही चटईवर प्रत्येकी दोनच पत्त्या उरलेल्या, एक आपली, एक समोरची. स्वतःच्या बाजूची पत्ती राखणं सोपं, म्हणून जिची कविता आधी वाचली जाईल तिचा मालक बहुतेक जिंकतो. एरवी याला नशीब म्हणायचं. पण संघात दोघांची गत अशी झाली की कोणी कुठली पत्ती ठेवायची याचा मेळ घालता येतो. दोन्ही डाव हवे असतील तर दोघांनी एकच पत्ती राखायची, एकच हवा असेल तर वेगवेगळ्या. एकट्या खेळाडूच्या हातात हे कधीच नसतं.

ताईचीच्या आईबद्दलही थोडं. जिंकता येईल तेवढंच खेळ, असं ती त्याला लहानपणापासून सांगत आलीय. तिची भीती मला कळते. मुलाचा उतरलेला चेहरा बघवत नाही, मलाही नाही. तुझा परवाचा आवाज ऐकून मीही क्षणभर मनात म्हटलं, सोड बाबा, नकोच ते. पण त्या शिकवणीने ताईचीचं काय झालं ते तूही पाहिलंस. हरण्याच्या धास्तीने त्याने लहानपणी आराताचा चष्मा लपवला होता. तुला मी ती शिकवण देणार नाही.

निर्णय तुझा आहे, मी सरांना फोन करणार नाही. फक्त नाव काढायच्या आधी तुमच्या पहिल्या तीन बोर्डांवरच्या मुलांशी बोल. तू नसलास तर चौथ्या बोर्डावर कोण बसणार, आणि कोणी नसेल तर त्यांना किती डाव जिंकावे लागतील, हे त्यांनाच विचार. त्यांचं उत्तर ऐकून मग ठरव, आणि काय ठरलं ते मला कळव.

तुझी,
आई

ता.क. तिसरा सीझन मी अजून लावलेला नाही. आराताच्या आजोबांबद्दल पुढे काही येणार असेल तर आधीच सांगू नकोस.